सुट्टीची गर्दी आणि नांदूरचे पाहुणे



सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन होते, मुलांची कवायत होते, खाऊ वाटला जातो आणि नऊ-दहाच्या सुमाराला सारी शाळा मोकळी होते. उरलेल्या दिवसाचे करायचे काय? नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला एक उत्तर हल्ली ठरूनच गेले आहे. चला नांदूरला, पक्षी पाहायला! निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर अशा सुट्टीला माणसांची जत्रा भरते. शहरातून मोटारी येतात, आसपासच्या गावांतून फटफट्या येतात, शाळांच्या सहली येतात. पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या मनोऱ्यावर चढायला रांग लागते. आणि पुष्कळदा असे होते, की एवढा खटाटोप करून वर चढलेला माणूस पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "अहो, पक्षी कुठायत? लांबवर काळे ठिपके तेवढे दिसताहेत."

ते ठिपके म्हणजेच पक्षी. ते लांब का गेले, याचे उत्तर बहुधा मनोऱ्याच्या खालीच उभे असते.

आज मला सांगायचे आहे ते इतकेच, की गर्दीच्या दिवशीसुद्धा पक्षी चांगले पाहता येतात. मात्र पक्ष्याचा दिवस कसा चालतो हे समजून घेऊन आपण आपला दिवस आखला पाहिजे. तसे केले नाही तर आपल्याला काही दिसत नाही, आणि त्या पक्ष्यांचे नुकसान होते ते वेगळेच.

आधी हे पाणी इथे आले कसे, ते पाहू. गोदावरी नाशिकहून पूर्वेकडे वाहत येते आणि नांदूरजवळ तिला कादवा नदी मिळते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इंग्रजी अमदानीत, या संगमाशी बंधारा घातला गेला. हेतू शेतीचा होता. इथून निघणारे डावा आणि उजवा असे दोन कालवे खाली कोपरगावाकडे पाणी नेतात. वरच्या अंगाला दारणा धरण १९१६ साली झाले, पुढे गंगापूर धरण झाले. त्यांचे सोडलेले पाणीही नदीतून इथे येते आणि कालव्यांत वळते. आता, नदी पाण्याबरोबर गाळ आणणारच. तो वर्षानुवर्षे बंधाऱ्याच्या पाठीमागे बसत गेला आणि पाण्याची साठवण कमी होत गेली. इंजिनिअरच्या दृष्टीने हे दुखणे आहे, आणि कालव्याच्या शेपटाला ज्याचे शेत आहे त्याच्याही दृष्टीने दुखणेच आहे. पण पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र गंमत झाली. पाणी उथळ झाले, मधूनमधून चिखलाची बेटे उघडी पडली, कडेला पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि त्याला लागूनच उसाची, गव्हाची, कांद्याची शेते. पाणपक्ष्याला आणखी काय पाहिजे?

विहिरीसारखे खोल पाणी बहुतेक पाणपक्ष्यांच्या कामाचे नसते, हे लक्षात ठेवा. पंगतीत जशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तशी उथळ पाण्यात प्रत्येकाची खोली ठरलेली असते. अगदी कडेच्या ओल्या चिखलात तुतारी आणि टिटवी हिंडतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या चालतो. काड्यांसारखे लांबलचक गुलाबी पाय आणि सुईसारखी चोच, त्यामुळे त्याला एकदा पाहिलेले मूल विसरत नाही. गुडघाभर पाण्यात बगळे आणि चमच्या उभे असतात. चमच्याची चोच टोकाला चपटी, थेट आमटीच्या पळीसारखी. ती अर्धवट उघडी ठेवून तो पाणी डावीउजवीकडे ढवळत जातो आणि चोचीला काही लागले की मिटतो. त्याहून थोड्या खोल पाण्यात बदके डोके खाली, शेपूट वर करून तळाची मुळे, बिया ओढतात. आणि खोल पाणी उरते ते पाणकावळ्याला आणि इवल्याशा टिबुकलीला, कारण त्यांना बुडी मारता येते.

१९८६ साली हा भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे २०१९ साली तो रामसर स्थळांच्या यादीत गेला, आणि या यादीत नाव आलेले महाराष्ट्रातले हे पहिले पाणथळ ठिकाण. रामसर हे इराणमधले, कॅस्पियन समुद्राकाठचे एक गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी निरनिराळ्या देशांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला, म्हणून त्या यादीला त्या गावाचे नाव. नांदूरचे १,४३७ हेक्टर क्षेत्र या यादीत आहे. मास्तर, मुलांना हे सांगताना नकाशावर कॅस्पियन समुद्र जरूर दाखवा, कारण आपल्याकडे येणारे कितीतरी पाहुणे त्याच्याही उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतात.

हे पाहुणे म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, चक्रवाक अशी मंडळी. त्यांची वीण होते मध्य आशियात, सायबेरियात, तिबेट-लडाखच्या पठारांवर. तिथे थंडीत पाणी गोठते, खाणे संपते. मग ती दक्षिणेकडे निघतात आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे पोचू लागतात. नारिंगी रंगाचा चक्रवाक तर हिमालय ओलांडून येतो. आपल्या जुन्या कवींनी या जोडप्याला रात्री ताटातूट होण्याचा शाप दिला आहे. प्रत्यक्षात चक्रवाक रात्रीही चरतात आणि चरताना एकमेकांना साद घालतात. कवींनी ती साद ऐकली आणि तिचा अर्थ आपापल्या परीने लावला, असे मला वाटते.

पण सगळेच काही पाहुणे नव्हेत. हळदीकुंकू बदक इथलेच. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके, तेव्हा हे नाव ज्या कुणी ठेवले त्याला दाद दिली पाहिजे. जांभळी पाणकोंबडीही इथलीच. आणि वारकरी तुम्ही पाहिलाच असेल. काळाकुळकुळीत देह, कपाळावर पांढरा टिळा, आणि चालायचे ते दिंडीने. काही वारकरी वर्षभर राहणारे असतात, पण हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले त्यांत मिसळतात आणि पाण्यावर नुसती काळी चादर पसरल्यासारखी दिसते.

आता मुख्य मुद्दा. हे पक्षी दिवसा करतात काय?

हिवाळी बदकांपैकी पुष्कळशी रात्री चरतात. सूर्य मावळला की थवेच्या थवे उठून ओल्या शेतांत, दलदलीत जातात आणि उजाडताना परत येऊन मोकळ्या पाण्यावर विसावतात. म्हणजे आपण दुपारी बारा वाजता जो थवा पाहतो, तो रात्रपाळी करून झोपलेला थवा असतो. शेतकरी बंधूंना हे वेगळे सांगायला नको. रात्रीची वीज म्हणून तुम्ही रात्रभर उसाला पाणी धरता, सकाळी घरी येऊन जरा अंग टाकता, आणि तेवढ्यात कुणी येऊन दाराची कडी वाजवली तर काय वाटते? आणि तीच कडी दिवसातून दहा वेळा वाजली तर?

पक्ष्याच्या बाबतीत प्रश्न नुसता झोपमोडीचा नाही. उडणे हे फार महागाचे काम आहे. स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला जेवढी शक्ती लागते, तिच्या दहापटीहून अधिक शक्ती बदकाला पंख मारून उडताना लागते. वारकऱ्याचे तर विचारूच नका. त्याला जागच्या जागी उठता येत नाही. पंख फडफडवीत तो पाण्यावरून लांबवर धावत जातो, तेव्हा कुठे अधांतरी होतो. बघणाऱ्या पोरांना मौज वाटते, टाळ्या पडतात. पण ती धाव त्या पक्ष्याच्या अंगच्या चरबीतून वजा होते. आणि याच दिवसांत त्यांना चरबी साठवायची असते. फेब्रुवारी सरू लागला की परतीचे वेध लागतात, मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक पाहुणे निघून जातात. वाटेत डोंगर, वाळवंट. बरोबर शिदोरी बांधायची पद्धत त्यांच्यात नाही, जी काय शिदोरी ती कातडीखाली. कमी शिदोरी घेऊन निघालेला पक्षी वाटेत मागे पडतो, किंवा उशिरा पोचून त्या हंगामाची वीण गमावतो. एका टोळीने एकदा उडवले तर फारसे बिघडत नाही. पण जत्रेच्या दिवशी एक टोळी जाते न जाते तोच दुसरी येते.

मग आम्ही जाऊच नये काय, असे कुणी विचारील. जावे, अवश्य जावे. मुलांनी पक्षी पाहिलेच नाहीत, तर पुढे त्या पाण्याची काळजी कोण घेणार? फक्त पक्षी आपल्याशी काय बोलतो आहे ते वाचायला शिकावे. तो उडण्याआधी सांगतो, बरं का! आपण जवळ जाऊ लागलो की चरणारा पक्षी चरणे थांबवतो. झोपलेला पंखातून चोच बाहेर काढतो. मग मान ताठ उभी होते. एकाची झाली की शेजाऱ्याची होते आणि क्षणात सगळा थवा माना उंचावून एकाच दिशेला तोंड करतो. नंतर ते हळूहळू आपल्यापासून दूर पोहू किंवा चालू लागतात. यापुढची पायरी म्हणजे उड्डाण. तेव्हा पहिली मान वर झाली की आपला पाय तिथेच थांबला पाहिजे. दोन-चार मिनिटे गप्प उभे राहा, किंवा खाली बसा. माना पुन्हा खाली गेल्या, चरणे सुरू झाले, की समजावे आपल्याला उभे राहायला परवानगी मिळाली. मुलांना हा खेळ म्हणून शिकवा. कोणत्या गटाला थवा न उडवता जास्त वेळ बघता आले, अशी पैज लावा. टाळ्या वाजवून थवा उडवण्याची पैज ती आपोआप विसरतील.

आणखी एक गोष्ट. बांधावरून रोज जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि म्हशींमागच्या गुराख्याला हे पक्षी फारसे भीत नाहीत, कारण ती माणसे आपल्या वाटेने सरळ निघून जातात. भीती वाटते ती वाट सोडून थेट आपल्या रोखाने येणाऱ्याची. म्हणून पाण्याकडे नाकासमोर चालत जाऊ नये, तिरके तिरके जावे. आभाळाच्या पार्श्वभूमीवर बांधाच्या माथ्यावर उभे राहू नये, खालच्या अंगाला, झाडाच्या आडोशाला राहावे. सव्वीस जानेवारीला मुले पांढऱ्या शुभ्र सदऱ्यांत असतात आणि ते पांढरे लांबूनही डोळ्यांत भरते. वरून स्वेटर घातला की काम झाले. कर्णे, गाणी आणि आकाशात घिरट्या घालणारे कॅमेऱ्याचे यंत्र यांना तिथे काहीच काम नाही. त्या यंत्राची सावली पक्ष्यांना ससाण्यासारखी भासते. छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना तर हात जोडून सांगायचे आहे, की उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून थवा उडवू नका. संध्याकाळी तो आपण होऊन उडतो, तेव्हा काढा.

वेळेचे म्हणाल, तर सुट्टीच्या दिवशी अकरा ते तीन ही सर्वांत वाईट वेळ, आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते. पाण्यावरून उन्हाची झळ उठते, दुर्बिणीतले चित्र थरथरते, बदके झोपलेली. झेंडावंदनामुळे पहाट तर हुकलेलीच असते. तेव्हा घरी जेवून, साडेतीनच्या पुढे पोचावे. जानेवारीअखेर आपल्याकडे सूर्य सव्वासहानंतर मावळतो, म्हणजे अडीच तास हातात असतात. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा धरावी, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात आणि हळदीकुंकवातले हळदही नाही न् कुंकूही नाही. निफाडहून नांदूर जवळ आहे. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत आणि गावातले तरुण दुर्बिणी घेऊन वाटाड्याचे काम करतात. त्यांना चार पैसे जरूर द्यावेत. पक्षी राहिले तर गावात पैसा येतो, हे गावाला दिसले पाहिजे. अभयारण्य म्हटले की बंधने येतात आणि ती शेजारच्या शेतकऱ्याला सोसावी लागतात. त्याच्या द्राक्षबागेत बुलबुल आणि साळुंक्या शिरतात, त्यांवर जाळी टाकण्याचा खर्चही त्याचाच. शहरातून आलेल्या पाहुण्याने त्याच्या गव्हातून पायवाट पाडावी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शिक्षकांनी चाळीस मुले एकदम मनोऱ्यावर नेऊ नयेत. आठ-आठांचे गट करावेत. एक गट वर, बाकीचे खाली दुसऱ्या कामाला. आणि दुसरे काम आहेच. सव्वीस जानेवारीच्या आधी बारा दिवस संक्रांत झालेली असते. आपल्या जिल्ह्यात येवल्याचे पतंग किती नावाजलेले आहेत, ते सांगायला नको. पतंग उडवायला कुणाची ना नाही. पण नायलॉनचा मांजा तुटून बाभळीवर अडकतो तो कुजत नाही, महिनोन् महिने तसाच लोंबकळतो. संध्याकाळी परतणारा बगळा त्यात पंख अडकून उलटा टांगला जातो. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. मुलांनी जमिनीवरचा आणि हाताला येणारा मांजा गोळा करावा, कात्रीने त्याचे बारीक तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. झाडावर चढू नये आणि विजेच्या तारेवरच्या मांजाला तर हात लावू नये, हे बजावून सांगा.

आता मोजणीविषयी. आज सुट्टीला लोक दुर्बीण घेऊन येतात, पण एके काळी सुट्टीला बंदुका घेऊन जात. नांदूरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. त्या राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले, आणि तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हा आपल्या सालिम अलींचा जन्मदिवस. अमेरिकेतही नाताळच्या दिवशी दोन बाजू करून कोण जास्त प्राणी-पक्षी मारतो अशी शर्यत लावण्याची चाल होती. तिथले पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० सालच्या नाताळात सुचवले, की मारण्याऐवजी मोजा. त्या दिवशी २५ ठिकाणी मिळून २७ जणांनी पक्षी मोजले. ती मोजणी आजतागायत दरवर्षी चालू आहे. आपल्याकडे तामिळनाडूत पोंगलच्या सुट्टीत, केरळात ओणमच्या सुट्टीत लोक अशीच मोजणी करतात. आशिया खंडातल्या पाणपक्ष्यांची शिरगणती १९८७ पासून दर जानेवारीत होते. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्यातला पहिला दिवस वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या.

शाळेतल्या मुलाला हजाराचा थवा मोजता येईल काय? येतो. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे. त्या दहांनी पाण्यावर किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचे. मग तेवढी जागा पुढे पुढे सरकवीत दहा, वीस, तीस असे म्हणत जायचे. थवा मोठा असला तर शंभराचा तुकडा धरायचा. सरावासाठी वर्गात फरशीवर ज्वारीचे दाणे पसरून पाहा. पहिल्या दिवशी मुले दोनशेला पन्नास म्हणतात, आठवड्यात सुधारतात. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि नंतर पाळी बदलायची. नाव येत नसेल तर अडून बसू नये. चोच चपटी की टोकदार, पाय कोणत्या रंगाचे, बुडी मारतो की नुसता शेपूट वर करतो, एवढे लिहिले तरी घरी येऊन पुस्तकात नाव सापडते.

या सगळ्यासाठी नांदूरलाच गेले पाहिजे असेही नाही. सुट्टीला तिथे रांग लागली आहे असे कळले, तर आपल्या गावचा पाझर तलाव आहे, कालव्याची कड आहे, गावतळे आहे. शेकाट्या, टिबुकली, ढोकरी, खंड्या, हळदीकुंकू आणि कदाचित दोन-चार चक्रांग तिथेही भेटतील, आणि पाहणारे तुम्ही एकटेच असाल. त्या पाण्याची नोंद आजवर बहुधा कुणी केलेलीच नसते, म्हणून तिला मोल अधिक.

वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि आसपास कोणती पिके उभी आहेत हे आधी लिहावे, मग पक्षी. धरणातून आवर्तन सुटलेले असेल तर तेही लिहावे, कारण पाणी हातभर चढले की शेकाट्या आणि तुतारी दुसरीकडे जातात, आणि ते न लिहिल्यास पुढच्या वर्षीच्या मुलांना वाटेल की पक्षीच कमी झाले. वही शाळेच्या कपाटात ठेवा, घरी नेऊ नका. दर वर्षी त्याच तारखेला, त्याच जागी, त्याच वेळी उभे राहून पुढचे पान भरावे.